मुशी सोलापुरात कशी आली?

मुलांनो, सोलापूरहून समुद्र गाठायचा तर सरळ पश्चिमेला पावणेतीनशे किलोमीटर जावे लागते. आधी माळ, मग उसाचा मुलूख, मग सह्याद्री, आणि तो उतरल्यावर कोकण. आपल्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचे तळे, हिप्परग्याचा तलाव, आणि फार मोठे म्हणायचे तर उजनीचे धरण. तिथे कटला मिळेल, रोहू मिळेल, मरळ मिळेल. शार्क मात्र मिळणार नाही. आणि तरीसुद्धा, बरं का, शार्क सोलापुरात येऊन गेलेला आहे. एकदा तो औषधाच्या बाटलीतून आला आणि एकदा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या पिंपातून आला. या दोन वाटांची हकिकत तुम्हांला सांगायची आहे. ती सांगता सांगता या प्राण्याच्या अंगात काय काय आहे आणि ते माणसाला कसे कळत गेले, हेही ओघाने येईल.

आधी नाव. ‘शार्क’ हा शब्द इंग्रजी. आपल्या कोळ्यांना या माशासाठी परका शब्द घ्यायची काहीच गरज नव्हती. मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात, मालवणकडे लहान शार्कला मोरी म्हणतात, आणि ज्याचे डोके हातोड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले असते त्याला कानमुशी. किती नेमके नाव आहे पाहा! डोक्याचे ते दोन्ही फाटे म्हणजे जणू कानच. पण त्या ‘कानां’च्या टोकाला असतात डोळे.

मुशी हा मासाच आहे. देवमाशासारखा सस्तन प्राणी नव्हे. पण बांगड्याच्या आणि तिच्या अंगात मोठा फरक आहे. आता स्वतःच्या कानाची पाळी सोडून वरचा भाग चिमटीत धरून पाहा. वाकतो, पण मोडत नाही. सोडला की पुन्हा सरळ. त्या पदार्थाला कूर्चा म्हणतात. मुशीचा सगळा सांगाडा या कूर्चेचा असतो, त्यात खरे हाड कुठेही नाही. बांगड्याच्या कल्ल्यांवर एक झाकण असते, तसे मुशीला नसते; तिच्या मानेच्या दोन्ही अंगांना उघड्या चिरा दिसतात, बहुतेक जातींत पाच-पाच, थोड्या जातींत सहा किंवा सात. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर कानशीसारखी खरखरते. याचे कारण असे, की तिचे खवले म्हणजे बारीक बारीक दातच असतात. दाताला जसा आत गर आणि वर चकाकणारा कठीण थर असतो, तसाच त्या प्रत्येक कणाला असतो. पॉलिश कागद निघण्यापूर्वी अनेक देशांतले सुतार लाकूड घासायला शार्कची वाळलेली कातडी वापरत.

या गोष्टी कोळ्यांना शेकडो वर्षे ठाऊक होत्या, कारण त्यांचे हात रोज त्या कातडीला लागत. पण पुस्तकी जगाला त्या हळूहळू कळल्या, आणि त्यातला एक प्रसंग इतका मौजेचा आहे की त्यासाठी आपल्याला थोडा वेळ इटलीत जावे लागेल.

इसवी सन १६६६. ऑक्टोबर महिना. इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. ही बातमी फ्लॉरेन्सला तिथला राजा, ग्रँड ड्यूक फर्डिनांड, याच्या कानी गेली. त्याने त्या शार्कचे डोके फ्लॉरेन्सला मागवून घेतले आणि निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश वैद्याच्या स्वाधीन केले. स्टेनो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि फाडकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने डोके कापून मेंदू पाहिला, डोळे पाहिले, कातडी पाहिली. आणि मग त्याची नजर दातांवर खिळली.

त्या काळी युरोपात ‘जीभ-दगड’ नावाची एक चीज विकत मिळे. माल्टा बेटावरच्या खडकांत त्रिकोणी, चकचकीत, कडेला धार असलेले दगड सापडत. कोणी म्हणे, या सापांच्या दगड झालेल्या जिभा आहेत. कोणी म्हणे, चंद्र झाकला असताना या आभाळातून पडतात. विषावर उतारा म्हणून लोक त्या गळ्यात बांधत आणि पेल्यात बुडवत. स्टेनोने शार्कचे दात आणि हे दगड शेजारी शेजारी ठेवले. हुबेहूब एक! हे म्हणणारा तो पहिलाच नव्हता. फाबियो कोलोन्ना नावाच्या इटालियन पंडिताने १६१६ सालीच तसे लिहिले होते. पण स्टेनो पुढचा प्रश्न विचारून बसला: शार्कचा दात डोंगरातल्या खडकाच्या पोटात शिरला कसा? १६६७ साली त्याने शार्कच्या डोक्याचे वर्णन छापले आणि १६६९ साली त्या प्रश्नाचे उत्तर. खडक एकदम तयार झालेले नाहीत; पाण्याखाली गाळाचे थर एकावर एक साचत गेले, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि दात त्या गाळात गाडले गेले. पृथ्वीचा इतिहास थरांवरून वाचायचा असतो, ही आजच्या भूशास्त्राची पायरी. ती रचली गेली एका शार्कच्या जबड्यावरून.

दातच का सापडतात, सबंध शार्क का सापडत नाही? कारण आता तुम्हीच सांगाल. कूर्चा कुजून जाते, दात टिकतात. शिवाय दातांचा तुटवडाही नसतो. मुशीच्या जबड्यात दातांच्या रांगा एकामागे एक तयार उभ्या असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, आणि असे आयुष्यभर चालते. मोठे शार्क जन्मभरात हजारो दात टाकतात. आपल्यासारखे दुधाचे एकदा आणि मग अक्कलदाढ, असा हिशेब तिथे नाही.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या सोलापुरी काळ्या दगडात शार्कचे दात का नाहीत? कारण तो दगड गाळाचा नाही, लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वितळलेल्या रूपात वाहून थंड झाला. आणि शार्कचे कूळ? ते चाळीस कोटी वर्षांहून जुने. आपल्या पायाखालचा काळा फत्तर जन्माला आला तेव्हा शार्क मुरलेले म्हातारे होते.

आता पिंपाची हकिकत. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकवू लागले तेव्हा पुस्तके विलायतेची आणि त्यांतले प्राणीही विलायतेचे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा डॉगफिश नावाचा छोटा शार्क पुस्तकात, आणि हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यापुढे त्यातले काहीच नाही. लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी यावर उपाय काढला. आपल्या देशात सहज मिळणारा एकेक प्राणी घ्यायचा आणि त्यावर एकेक पुस्तक लिहायचे. पहिले निघाले गांडुळावर, १९२६ साली. दुसरे निघाले १९२८ साली, ‘स्कोलिओडॉन’ या आपल्या समुद्रातल्या साध्या मुशीवर. ते लिहिले ई. एम. थिल्लयमपलम या बाईंनी. त्या लखनौच्याच इझाबेला थॉबर्न कॉलेजात प्राध्यापिका होत्या. लखनौला कुठे आला समुद्र? सोलापूरपेक्षा तो कितीतरी दूर. पण बाईंनी या मुशीची शीर न् शीर, स्नायू न् स्नायू तपासून लिहिला, आणि पुढची कित्येक दशके भारतातल्या कॉलेजांतून शार्क म्हणजे स्कोलिओडॉन हेच समीकरण झाले.

सोलापुरात १९४० साली दयानंद कॉलेज निघाले, १९५३ साली संगमेश्वर. अशा समुद्रापासून दूर असलेल्या गावांच्या कॉलेजांत मुशी यायची ती फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली, पिंपात भरून. तुमच्या आजोबा-आजींपैकी कोणी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले असेल तर त्यांना विचारा. तो डोळ्यांना झोंबणारा वास, मेणाचा ट्रे, टाचण्या आणि पुढ्यात पालथी पडलेली दीड-दोन फुटी राखी मुशी, हे ते विसरलेले नसतील. फावड्यासारखे चपटे डोके, खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती तोंड, आणि शेपटीचा वरचा फाटा खालच्यापेक्षा मोठा. नर असेल तर पोटाखालच्या परांना दोन कांड्या जोडलेल्या.

पोट उघडले की पहिल्याने दिसे ते यकृत. दोन लांबच लांब पाळी, पिवळट, तेलकट, पोटाची बरीचशी पोकळी भरून टाकणाऱ्या. हे एवढे मोठे का? बांगड्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे तो पाण्यात तरंगता राहतो. मुशीला ती पिशवीच नाही. तेल पाण्याहून हलके, म्हणून तेलाने भरलेले यकृत तिला थोडे वर उचलून धरते. बाकीचे काम पोहण्याने होते. कित्येक शार्कांना तर श्वासासाठीही पोहतच राहावे लागते, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवरून वाहत राहते. मात्र ‘शार्क थांबला की मेला’ हे सगळ्यांना लागू नाही. काही जाती तळाशी खुशाल पडून राहतात आणि तोंडाने पाणी ओढतात.

यकृत बाजूला केले की जठर, आणि मग एक आखूड, जाड आतडे. एवढ्या आतड्यात अन्न पचायचे कसे? ते उभे चिरले की उत्तर मिळे. आत एक पातळ पडदा कागदाच्या गुंडाळीसारखा वळलेला. आतडे लांब करायच्या ऐवजी निसर्गाने त्यातली घडी वाढवली. हृदय लहानसे, अशुद्ध रक्त फक्त कल्ल्यांकडे ढकलणारे. रक्तात आणि मांसात युरिया भरपूर, म्हणजे समुद्राच्या खारेपणापुढे अंगातले पाणी बाहेर ओढले जात नाही. याच युरियामुळे शिळ्या मोरीला अमोनियाचा उग्र दर्प येतो. कोकणातल्या आयाबायांना तो बरोबर कळतो आणि त्या दारावरची मोरी हुंगूनच घेतात.

मुसकटावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसत आणि दाबले की त्यांतून चिकट रस येई. ही भोके १६७८ साली स्टेफानो लोरेंझिनी या फ्लॉरेन्सच्याच माणसाने वर्णन करून ठेवली होती, पण ती कशासाठी हे पुढे पावणेतीनशे वर्षे नीट कळेना. कोणी म्हणे रस गाळायला, कोणी म्हणे दाब कळायला, कोणी म्हणे ऊन-थंडी समजायला. १९६० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले, की त्यांना विजेचा अतिशय सूक्ष्म प्रवाह जाणवतो. पुढे १९७१ साली आड्रियान काल्मेन या डच शास्त्रज्ञाने वाळूखाली दडवलेला जिवंत मासा शार्ककडून शोधवून घेतला. मासा दिसत नव्हता, वास येऊ नये अशीही तजवीज केली होती. तरी शार्क नेमका तिथेच तोंड घालायचा. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगाभोवती विजेचा पुसटसा अंमल असतो, तो मुशीला मुसकटाने कळतो. आपल्याला हे इंद्रियच नाही, त्यामुळे तो अनुभव कसा असेल याची कल्पनाही करता येत नाही.

त्या पिंपांचा जमाना आता संपला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांची फाडकामे कमी करायला सांगितली आणि २०१४ साली ती बंदच करायला लावली. मला विचाराल तर ते योग्यच झाले. एक नकाशा पाठ करण्यासाठी दर वर्षी किती मुशा चिरल्या जात होत्या!

बाटलीची गोष्ट याहून निकडीची आहे. तिन्हीसांज झाली की ज्यांना दिसेनासे होते, अंगणातून घरात येताना जी मुले ठेचकाळतात, त्यांना रातांधळेपणा आहे असे आपण म्हणतो. हा बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. तो वाढला तर डोळा कायमचा जातो. हे जीवनसत्त्व दुधातुपातून मिळते, आणि हिरव्या पालेभाज्यांतून व गाजरातून ते शरीराला तयार करता येते. आमच्या दुष्काळी मुलखात एखादे वर्ष पाऊस गेला की पाला नाही, दूध नाही, आणि सगळ्यात आधी भोगणार ती लहान मुले.

यावर औषध म्हणजे कॉड माशाच्या यकृताचे तेल. ते यायचे मुख्यतः नॉर्वेहून. १९४० च्या एप्रिलात जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली आणि ती वाट बुजली. मग मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर इथल्या सरकारांनी आपल्याच किनाऱ्यावरच्या शार्ककडे पाहिले. जे यकृत मुशीला तरंगते ठेवते, त्याच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्वही साठलेले असते. शेवाळापासून बारीक जीवांत, त्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मुशीत, असे ते साठत येते. काही जातींच्या शार्कचे तेल कॉडच्या तेलापेक्षा कितीतरी तिखट निघाले, इतके की ते पातळ करण्यासाठी त्यात दुसरे तेल घालावे लागे. कोणते, ठाऊक आहे? शेंगदाण्याचे! ज्या शेंगदाण्यावर सोलापूरची चटणी उभी आहे, तोच कोकणातल्या मुशीला येऊन मिळाला. असे ते तेल चमच्याचमच्याने देशातल्या मुलांच्या पोटात गेले. ‘शार्कोफेरॉल’ नावाचे टॉनिक तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. त्याच्या नावातच शार्क बसला आहे.

हे तेल मुलांच्या कामी आले यात शंका नाही. पण त्याच वर्षांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर काय घडले तेही ऐका. तिथेही याच तेलासाठी सूपफिन नावाच्या शार्कवर झुंबड पडली. भाव कडाडले, होड्या वाढल्या, आणि चारसहा वर्षांतच जाळी रिकामी येऊ लागली. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची रीत निघाली तेव्हा कुठे ती शिकार ओसरली. भारत सरकारने १९७० पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली. त्यासाठी मग शार्कच्या यकृताची गरज राहिली नाही.

जाळी इतक्या लवकर रिकामी का झाली? याचे उत्तर मुशीच्या गर्भाशयात आहे, आणि ते शोधण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. अॅरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, की एका जातीच्या शार्कची पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात. माशाला नाळ? लोकांना खरे वाटेना. १८४० च्या सुमारास योहान्नेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते खरे असल्याचे दाखवले. आपल्या स्कोलिओडॉनला शास्त्रीय नाव देणाऱ्या दोघांपैकी एक तो हाच. पुढे १९४६ ते १९४९ या काळात मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यातले डॉ. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या मुशा आणि पाकटांवर लेखांमागून लेख लिहिले. कोणती जात केव्हा सापडते, पोटात पिल्ले किती, ती कशी वाढतात, हे त्यांनी धक्क्यावर आलेल्या माशांतून गोळा केले. स्कोलिओडॉनची वाढही त्यांनी तपशिलाने नोंदवली.

त्या मुशीचे अंडे कितीसे असते? जेमतेम एक मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यात पिल्लाला पुरेल असा बलक जवळजवळ नाहीच. म्हणून गर्भ आईला चिकटतो, वार तयार होते, नाळ तयार होते, आणि नाळेवर बारीक धाग्यांची झालर फुटते. पाचसहा महिन्यांनी बारा-पंधरा सेंटिमीटरांची, स्वतः पोहणारी, स्वतः शिकार करणारी पिल्ले बाहेर पडतात. एका वेळी साधारण दहा-बारा.

आता बांगडा किंवा तारली पाहा. ती एका हंगामात हजारोंनी अंडी सोडतात. त्यांतली बहुतेक मरतात, पण उरतात तीही पुष्कळ. मुशीचा सौदा वेगळा: थोडी पोरे, पण पोसलेली. जोवर समुद्रात तिच्यावर झडप घालणारे थोडे होते तोवर हा सौदा कोट्यवधी वर्षे फायद्याचा ठरला. जाळी आल्यावर तोच अंगाशी आला. आपली छोटी मुशी एका-दोन वर्षांत वयात येते, म्हणून ती अजून तग धरून आहे. कानमुशीसारख्या मोठ्या जातींना वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि त्याआधी जाळ्यात सापडली की संपले. कानमुशीची एक मोठी जात २०१९ सालापासून जगाच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. माणसाला शार्कचे भय वाटते खरे. पण सबंध जगात शार्कने विनाकारण माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साठ-सत्तरच्या घरात असतात, त्यांत दगावणारे थोडे. उलट माणसाच्या जाळ्यांत मरणारे शार्क वर्षाला कोट्यवधी.

भारतात कायदा आला तो २००१ साली. मे महिन्यात आधी देवमाशाएवढ्या पण गरीब अशा व्हेल शार्कला संरक्षण मिळाले. जुलैत सरसकट सगळे शार्क आणि पाकट यादीत घातले. कोळ्यांची पोटे त्यावर अवलंबून, त्यांनी तक्रार केली. डिसेंबरात यादी कापून दहा जातींवर आणली. मला दोन्ही बाजू समजतात. जाळे टाकताना आत कोण येणार हे कोळ्याला ठरवता येत नाही. पुढे २०१५ साली शार्कचे पर परदेशी पाठवायला बंदी झाली.

त्या दहा जातींत एक आहे गंगेतला शार्क. त्याचेही वर्णन म्युलर आणि त्याचा सोबती हेन्ले यांनी १८३९ साली केले. नद्यांत आणि खाड्यांत राहणारा हा शार्क इतका दुर्मीळ, की एका दशकाहून अधिक काळ त्याची खात्रीची नोंदच नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ससून डॉकवर मासळी तपासत फिरणाऱ्या संशोधकांना ढिगात एक मादी दिसली. लांबी २६६ सेंटिमीटर. गंगेपासून इतक्या दूर, अरबी समुद्रात पकडलेली. त्यांनी तिची मापे घेतली, फोटो घेतले, दात पाहिले, आणि ती तीच असल्याची खात्री करून २०१८ साली छापले. मासा विकला जाण्यापूर्वी ते तिथे पोचले, म्हणूनच या घटनेची नोंद झाली.